आजार आहे तसा सांगावा : आतड्याच्या शल्यवैद्याचे शिक्षण, कौशल्य आणि रुग्णसेवा

(इंदिरानगर, नाशिक येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या भाषणाचा विषय वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील. त्यात त्यांचा दोष नाही. हृदयाच्या डॉक्टरबद्दल बोलायचे म्हटले की सभा गंभीर होते, डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल बोलायचे म्हटले की सभा कान टवकारते. पण मोठे आतडे, गुदाशय आणि शौचाची वाट यांच्या डॉक्टरचे नाव काढले की सभेत कुजबुज सुरू होते. ही कुजबुज निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे माणसे मरतात, एवढेच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

आम्ही बँकेत कारकून आहोत, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आहोत, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. परंतु बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला समाजाची नाडी कळते. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला येणाऱ्यांत लग्न, घर आणि दवाखाना ही तीन कारणे नेहमीची. दवाखाना म्हटल्यावर आम्ही सहज विचारतो, "काय झाले, दादा?" मधुमेह असेल, हृदयाचा झटका असेल, तर माणूस सविस्तर सांगतो. पण काही जणांचा आवाज एकदम खाली जातो. "पोटाचे आहे," असे म्हणून ते पावतीवर सही करतात. पोटाचे म्हणजे नेमके कशाचे, हे त्यांनी घरच्यांनाही कित्येक महिने सांगितलेले नसते.

आधी अवयवाची ओळख करून घेऊ. आपले मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. त्याचा शेवटचा वीतभर भाग म्हणजे गुदाशय आणि त्याच्या टोकाला गुदद्वार. अन्नातील पाणी शोषून घेणे, मळ साठवणे आणि योग्य वेळी बाहेर टाकणे हे या भागाचे काम. मूळव्याध, गुदद्वाराची चीर म्हणजे फिशर, भगंदर, आतडे बाहेर येणे, आतड्याला जखमा होऊन रक्त पडणे, आतड्याच्या अस्तरावर उगवणारे पॉलिप नावाचे कोंब आणि कर्करोग, असे अनेक आजार येथे होतात. त्यांवर उपचार करणाऱ्या शल्यवैद्याला कोलोरेक्टल सर्जन म्हणतात. नाव इंग्रजी आणि नवे आहे, पण काम फार जुने आहे.

किती जुने? बौद्ध वाङ्मयाच्या वाचकांना जीवकाचे नाव नवे नाही. विनयपिटकातील महावग्गात त्याची कथा आली आहे. राजगृहाच्या सालवती नावाच्या गणिकेचे हे मूल, सुपात घालून उकिरड्यावर टाकलेले. राजपुत्र अभयाने ते पाहिले, जिवंत आहे असे कळल्यावर उचलून घरी आणले आणि वाढवले. जिवंत राहिला म्हणून तो जीवक. मोठा झाल्यावर तो तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. परीक्षा म्हणून आचार्यांनी त्याला तक्षशिलेच्या आसपास योजनभर फिरून जी औषधी नाही अशी वनस्पती आणायला सांगितले. तो रिकाम्या हाताने परतला; औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. आचार्यांनी त्याला उत्तीर्ण केले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, उकिरड्यावर टाकलेले मूल विद्येच्या बळावर राजवैद्य झाले. तेथे जन्म आडवा आला नाही. दुसरी, सात वर्षांचा अभ्यास त्याने घाईने उरकला नाही.

आता आपल्या विषयाशी थेट नाते सांगणारे दोन प्रसंग पाहू. मगधाचा राजा बिंबिसार याला भगंदर झाला होता. त्याची वस्त्रे रक्ताने माखत आणि राण्या त्याची थट्टा करीत. राजा लाजेने हैराण झाला. जीवकाने नखाच्या टोकाने लेप लावून तो बरा केला, अशी कथा आहे. एकाच लेपाने भगंदर बरा होतो की नाही, हा वाद आपण बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट ही की, एवढ्या मोठ्या राजालाही या आजाराची लाज वाटत होती आणि घरातील माणसे हसत होती. अडीच हजार वर्षांत आजार बदलला नाही, हसणेही बदलले नाही.

दुसरा प्रसंग वाराणसीचा. तेथील एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला कोलांट्या उड्या मारताना पीळ पडला. खाल्लेले पचेना, शौचाला होईना, अंग वाळून पिवळे पडले. जीवकाने बघ्यांना बाहेर काढले, पडदा लावला, रुग्णाला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. मग पोट उघडून पीळ पडलेले आतडे बाहेर काढले, आजार नेमका काय होता ते पत्नीला दाखवले, पीळ सोडवून आतडे परत आत ठेवले आणि पोट शिवले. आजच्या भाषेत सांगायचे तर, गर्दी हटवणे, आडोसा करणे, नातेवाइकांना आजार समजावून सांगणे आणि नंतर शस्त्र चालवणे. यांतील एकही पायरी आजच्या रुग्णालयात गाळता येत नाही.

त्याच महावग्गात याच्या उलट एक इशाराही आहे. आकासगोत्त नावाच्या वैद्याने एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवले आणि त्या जखमेची तो चेष्टा करू लागला. भगवंतांनी त्या नाजूक जागी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. कारण असे दिले की, तेथील कातडी कोवळी असते, जखम लवकर भरत नाही आणि शस्त्र नीट फिरवता येत नाही. ही तिन्ही कारणे आजही शास्त्राला मान्य होतील. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. मळ आणि वायू रोखून धरणे त्यांच्यावर अवलंबून असते. भगंदराची वाट अनेकदा या स्नायूंतून जाते. अडाणी हाताने ती कापली तर भगंदर जातो, पण त्याबरोबर शौचावरचा ताबाही जातो आणि माणूस जन्मभरासाठी घरात कोंडला जातो. भिंतीवर, खांबावर, रेल्वेच्या डब्यात "मूळव्याध-भगंदर, एका दिवसात मुक्ती" अशा जाहिराती आपण वाचतो. जाहिरात वाचण्याआधी त्या माणसाची पदवी वाचावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. आयुर्वेदातील क्षारसूत्राची पद्धत मान्यताप्राप्त आहे. पण तीही शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याकडूनच करून घ्यावी.

आता आजच्या शिक्षणाकडे वळू. जीवकाला सात वर्षे लागली. आज त्याहून जास्त लागतात. बारावी विज्ञाननंतर नीट परीक्षा. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे साडेपाच वर्षे. पुन्हा प्रवेश परीक्षा आणि जनरल सर्जरीत एम.एस.ची तीन वर्षे. त्यानंतर पोटाच्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील एम.सी.एच. ही पदवी, आणखी तीन वर्षे. त्याही पुढे केवळ मोठे आतडे आणि गुदाशय यांवरच्या कामासाठी फेलोशिप. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा किंवा मुलगी स्वतंत्रपणे हे काम करू लागते तेव्हा तिशी उलटून गेलेली असते. या वाटेचे एक महाद्वार आपल्या नाशकातच आहे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडवर, म्हसरूळला आहे. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते इंदिरानगरपासून रिक्षाच्या अंतरावर असावे, हे आपल्या मुलांनी विसरू नये.

एवढी वर्षे शिकायचे तरी काय? शस्त्र धरायला शिकणे हा त्यातला लहान भाग. मोठा भाग म्हणजे जागा ओळखणे. गुदाशय ओटीपोटाच्या अरुंद हाडांच्या पेल्यात बसलेला असतो. त्याच्या पुढे मूत्राशय आणि स्त्रियांचे गर्भाशय, दोन्ही बाजूंना लघवीचे आणि वैवाहिक जीवनाचे कार्य चालवणाऱ्या बारीक नसा. कर्करोगाची गाठ काढताना या नसा दुखावल्या तर रुग्ण जगतो, पण अपुरा जगतो. १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. तिने प्राण वाचू लागले, पण शौचाची नैसर्गिक वाट कायमची बंद होई. पुढे १९८२ साली इंग्लंडचे बिल हील्ड यांनी दाखवून दिले की, गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टण न फाडता, त्याच्या नैसर्गिक पडद्याच्या रेषेतून अखंड बाहेर काढले, तर कर्करोग त्याच जागी परत येण्याचे प्रमाण खूप कमी होते. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. नवी होती ती रेषा ओळखणारी नजर आणि सावकाश चालणारा हात. आज दुर्बिणीने आणि रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होतात, अनेक रुग्णांची नैसर्गिक वाट राखता येते. पण रेषा तीच आहे.

कौशल्याची आणखी एक खूण म्हणजे हात आवरणे. ब्राझीलच्या साओ पावलो शहरातील अँजेलिता हाब्र-गामा या महिला शल्यवैद्यांनी २००४ साली दाखवले की, किरणोपचार आणि औषधांनंतर काही रुग्णांची गुदाशयातील गाठ पूर्ण नाहीशी होते, आणि अशा निवडक रुग्णांना लगेच शस्त्रक्रिया न करता काटेकोर देखरेखीखाली ठेवता येते. ज्याचे पोट शस्त्रक्रियेवर चालते त्यानेच "येथे शस्त्रक्रिया नको" म्हणायला किती विद्या आणि किती प्रामाणिकपणा लागत असेल, याचा विचार करावा. आमच्या भगिनींनी आणि मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कॅशियर घरी जात नाही. एक रुपया कमी असो वा जास्त, शोध घ्यावाच लागतो. शस्त्रक्रियागृहातही असाच हिशेब असतो, हे वाचून आम्हांस फार आनंद झाला. पोट शिवण्याआधी आत वापरलेल्या गॉजच्या घड्या, सुया आणि हत्यारे परिचारिका मोजतात आणि सुरुवातीच्या आकड्याशी ताळा करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची जी तपासणी-यादी प्रसृत केली, तिच्यात ही मोजणी आहे. रुग्णाचे नाव, करावयाची शस्त्रक्रिया आणि तिची जागा मोठ्याने उच्चारून खात्री करणेही आहे. मोठा डॉक्टर म्हणून यादीतून सूट नाही. शिस्त हीसुद्धा करुणाच असते, फक्त ती दिसत नाही.

आता रुग्णसेवेबद्दल. काही रुग्णांच्या बाबतीत शौचाची वाट काही महिन्यांसाठी किंवा कायमची पोटावर काढावी लागते. तिला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी लावतात. ही बातमी ऐकली की रुग्णाला वाटते, आपले माणूसपण संपले. येथे चांगल्या आणि साध्या डॉक्टरमधला फरक कळतो. चांगल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या आधीच प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून पोटावर जागेची खूण करते. साडीचा काचा कोठे येतो, पँटचा पट्टा कोठे येतो, वाकल्यावर वळी कोठे पडते, रुग्णाला स्वतःला ती जागा दिसते की नाही, हे सारे पाहिले जाते. दोन इंच इकडेतिकडे झाले तर पिशवी गळते, आणि माणूस लग्नकार्याला जाणे सोडतो, नोकरी सोडतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शल्यवैद्य रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल या आपल्या रुग्ण महिलेलाच या कामावर नेमले. तिच्या स्वतःच्या पोटावर स्टोमा होता. पुढे १९६१ साली दोघांनी मिळून या सेवेचे शिक्षण देणारी शाळा काढली. जिने दुःख भोगले तीच शिक्षिका झाली. आपल्याकडे मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्टोमा असलेल्यांना आधार देते. पिशवी लावून माणसे नोकरी करतात, पोहतात, संसार करतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रात या आजाराच्या मोठ्या उपचाराचे नाव घेतले की परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आठवते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. गोव्याचे हे शल्यवैद्य त्याच रुग्णालयात राबले आणि १९६९ साली वारले. रस्त्यांना राजांची आणि पुढाऱ्यांची नावे असतात. येथे कर्करोग्यांच्या वैद्याचे नाव आहे. नाशिकहून पहाटेच्या गाडीने दादरला उतरून तेथे गेलेली कुटुंबे आपल्या वस्तीतही असतील. मुक्कामाचा प्रश्न आला की दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक रुग्णांना आसरा देते. ज्या महात्म्याने हातात खराटा घेऊन गावे झाडली, त्यांच्या नावाच्या छपराखाली आतड्याचा रुग्ण निजतो, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

खर्चाचीही भीती असते. २०१२ साली काही जिल्ह्यांत आणि २०१३ पासून राज्यभर सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. मुदत ठेव मोडण्याआधी, दागिने गहाण टाकण्याआधी, रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटावे. बँकेचा माणूस हे सांगतो आहे, म्हणून तरी ऐकावे.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. महावग्गातच आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग भिक्खुसंघाला बोलावून उपदेश केला की, तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे आणि चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत एक आहे, मलमूत्र काढताना किळस न मानणे. रुग्णाच्या गुणांत एक आहे, आजार वाढला की घटला ते आहे तसे सांगणे.

बंधू-भगिनींनो, आतड्याच्या शल्यवैद्याची सारी विद्या या दोन गुणांमध्ये उभी आहे. पहिला गुण डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारा-बारा वर्षे कमवायचा. दुसरा गुण आपण द्यायचा. त्यांनी किळस टाकली आणि आपण लाज टाकली नाही, तर विद्या वाया जाते.

या देशाने मैला उचलणाऱ्याला अस्पृश्य ठरवले. मैला आपला सर्वांचा, आणि विटाळ मात्र उचलणाऱ्याचा! विज्ञानाने हा उलटा न्याय खोटा पाडला. ज्या गोष्टीला घाण म्हणून तोंड फिरवले, तिच्यात रक्त आहे का, ती किती वेळा, कशी येते, हेच प्रश्न डॉक्टर आधी विचारतो, कारण तेथे निदान दडलेले असते. म्हणून शल्यवैद्याचा सन्मान करताना वॉर्डातील आया, मामा आणि सफाई कर्मचारी यांनाही त्याच रांगेत बसवले पाहिजे. बेडपॅन वेळेवर उचलले नाही, फरशी पुसली नाही, तर उत्तम शस्त्रक्रियेची जखमही चिघळते.

ध्यानात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. शौचावाटे रक्त जाणे, काही आठवड्यांपासून शौचाची सवय बदलणे, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होऊन थकवा येणे. रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचे किंवा चिरेचे असते हे खरे. पण मूळव्याध आहे असे आपणच ठरवून वर्षभर चूर्ण खात बसणे घातक आहे. बोटाने केलेली तपासणी दोन मिनिटांची असते. गरज पडल्यास दुर्बिणीने मोठे आतडे तपासतात, आणि पॉलिप दिसला तर बहुधा त्याच वेळी काढता येतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुतेकदा काही वर्षे लागतात, म्हणजे निसर्ग आपल्याला मुदत देतो. जगभरात २०२२ साली मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि ९ लाखांहून अधिक माणसे मरण पावली. आपल्या देशात प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा कमी आहे, पण रुग्ण उशिरा येतात, आणि तरुणांनाही हा आजार होतो. आपल्याकडील राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. तेव्हा लक्षण दिसताच स्वतःहून जाण्याला पर्याय नाही. रक्ताच्या नात्यात कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर लक्षण नसतानाही डॉक्टरांना विचारावे.

घरातील ज्येष्ठांना आम्ही विनवतो की सुनेला, मुलाला, नातवाला सांगा. हसणाऱ्याला हसू द्या. तरुणांना विनवतो की आजी-आजोबांनी असे काही सांगितले तर तोंड फिरवू नका, त्यांना दवाखान्यात घेऊन जा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतील एखादी मुलगी, एखादा मुलगा या बारा वर्षांच्या वाटेने निघेल, तेव्हा त्याच्या फीची, पुस्तकांची आणि मुख्य म्हणजे धीराची तजवीज संस्थेने करावी, अशी सूचना आम्ही अध्यक्ष महोदयांपुढे नम्रपणे मांडतो. डॉक्टर झाल्यावर त्याने कोणता विभाग निवडावा हे आम्ही सांगणार नाही. पण ज्या विभागाचे नाव ऐकून लोक हसतात, तेथे माणसांची गरज जास्त असते, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.



जय भीम! जय भारत!